बांधावरची मारहाण : एनसीपासून निकालापर्यंत

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. बांध कोरण्यावरून चुलत्यांशी भांडण झालं, वडिलांच्या डोक्यात काठी बसली, चार टाके पडले, उजव्या हाताचं एक बोट सुजलं. पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतली आणि ‘कोर्टात दाद मागा’ म्हणून समज दिली. दुसऱ्या दिवशी चुलत्यांनीही एनसी दिली आणि तिच्यात तुमच्या धाकट्या भावाचं नाव घातलं. तो पोलीस भरतीची तयारी करतोय आणि त्या सकाळी तो गावात नव्हताच. आता केस कशी चालते, किती दिवस लागतात, आपला वकील लागतो का, आणि पाहुणेमंडळी मिटवा म्हणताहेत ते ऐकावं का, हे तुम्हाला हवंय.

मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं करतो, कधी फिर्यादीकडून, कधी आरोपीकडून. दोन्हीकडून उभा राहत आल्यामुळे सांगतो : मारहाणीच्या केसचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या दोन-चार दिवसांत तयार झालेल्या कागदांवर ठरतो. साक्षीदार पिंजऱ्यात येतो दोन-तीन वर्षांनी. तोवर राग निवळलेला असतो, तपशील पुसट झालेला असतो, कुणाची सोयरीक जुळलेली असते. दवाखान्याचा दाखला आणि पहिला जबाब मात्र होते तसेच फाइलमध्ये असतात, आणि न्यायाधीश त्यांच्याशीच साक्ष ताडून बघतात. म्हणून कोर्टाआधी त्या कागदांबद्दल बोलू.

सगळ्यात आधी वडिलांच्या बोटाचा एक्स-रे काढा. तो काढला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ग्रामीण रुग्णालयात टाके घालताना सगळ्यांचं लक्ष डोक्याकडे असतं आणि सुजलेलं बोट तसंच राहून जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिलेत, त्यात हाड किंवा दात मोडणं वा निखळणं येतं. बोटाचं हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत, कलम ११७(२), शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र. म्हणजे पोलिसांना एफआयआर घ्यावाच लागेल. मोडलं नसेल तर तसा अहवाल येईल, त्यातही बिघडत नाही. एक्स-रे सरकारी दवाखान्यातच काढा, आधीच्या एमएलसी (दवाखान्यातल्या वैद्यकीय-कायदेशीर) नोंदीचा आणि पोलिसांनी दवाखान्याला दिलेल्या यादीचा, म्हणजे पत्राचा, संदर्भ लावून घ्या, आणि फिल्मवर नाव-तारीख आहे का बघा. नुसता अहवाल आणि फिल्मचा पत्ता नाही, अशा केसमध्ये हाड मोडलं हे शाबीत करताना सरकारी वकिलांची फार ओढाताण होते.

आता एनसीचं. हाताने, लाथाबुक्क्यांनी मारून साधी दुखापत केली तर कलम ११५(२), जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३२३. शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवीगाळ करून डिवचलं तर ३५२, जुनं ५०४. धमकी दिली तर ३५१(२), जुनं ५०६. ही तिन्ही कलमं अदखलपात्र. त्यात पोलीस मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास करू शकत नाहीत, फक्त नोंद करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम १७४ प्रमाणे अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडे जातो, पण तेवढ्याने केस उभी राहत नाही. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. तुमचं भांडण त्यानंतरचं, म्हणून मी नवी कलमं देतोय. गावात कुणाची त्याआधीची केस चालू असेल तर तिला दंड संहितेचीच कलमं लागतात, त्यावरून गोंधळू नका.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न काठीचा आहे. घातक हत्याराने साधी दुखापत केली तर कलम ११८(१), जुनं ३२४. तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र. काठी घातक हत्यार ठरते का? प्रत्येक काठी ठरत नाही. दगडाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मथाई प्रकरणात म्हटलं की हत्यार घातक आहे की नाही हे त्या त्या घटनेतल्या वस्तुस्थितीवरून ठरवायचं : आकार, धार, ती वस्तू वापरली कशी. तीच फूटपट्टी काठीला लावतात. गुरं हाकायची शेवरीची काठी वेगळी आणि तांब्याची तार गुंडाळलेली वेळूची लाठी वेगळी, त्यात मारली डोक्यात की पोटरीवर हेही वेगळं. भांडणात चावा घेतला तर ते मात्र या कलमात बसत नाही, माणसाचे दात घातक हत्यार नाहीत असं शकील अहमद प्रकरणात २००४ मध्येच ठरलंय. डोक्यात मारून चार टाके पडले असतील तर बहुतेक ठाणी ११८(१) लावतात. तुमच्याकडे ते लागलं नाही याचं कारण मला वाटतं एनसीच्या मजकुरात असेल. तुमच्या प्रतीत ‘काठीने’ हा शब्द आहे का, की ‘मारहाण केली’ एवढंच आहे, ते आज वाचून बघा.

शब्द असेल आणि तरी एनसीच असेल, तर ठाण्यात लेखी अर्ज द्या, सोबत दाखल्याची प्रत जोडा आणि पोहोच घ्या. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी निकालात घटनापीठाने सांगितलंय. नव्या कायद्यात एक फट आहे : तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. ११८(१) त्यात बसतं. तेव्हा ‘चौकशी चालू आहे’ असं उत्तर आलं तर तारीख टिपून ठेवा आणि पंधराव्या दिवशी पुन्हा जा. तरीही हललं नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज, याच सुरक्षा संहितेचं कलम १७३(४), आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटपुढे १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज. अधीक्षकांची पायरी गाळून थेट कोर्टात आलेला अर्ज बहुधा टिकत नाही.

आणि हाड मोडलेलं नाही, काठीही हत्यार ठरली नाही, प्रकरण खरोखरच अदखलपात्र राहिलं, तरी दार बंद होत नाही. मॅजिस्ट्रेटकडून १७४(२) खाली तपासाचा हुकूम मागता येतो, किंवा कलम २२३ खाली खासगी फिर्याद दाखल करता येते. खासगी फिर्यादीत तुमच्या वडिलांचा शपथेवर जबाब होतो, आम्ही त्याला व्हेरिफिकेशन म्हणतो, आणि आता नव्या कायद्यात दखल घेण्याआधी समोरच्यांनाही म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मग इश्यू प्रोसेस, म्हणजे केस पुढे चालवण्याचा हुकूम, मग समन्स. यात तुमचा वकील तुम्हीच लावायचा आणि प्रत्येक तारखेला हजर राहायचं. समन्स केसमध्ये, म्हणजे दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या केसमध्ये, फिर्यादी गैरहजर राहिला तर तीस दिवसांची मुदत देऊन आरोपीला निर्दोष सोडतात. मुदतीचंही भान ठेवा : नुसतं ११५(२) असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत फिर्याद दाखल व्हायला हवी. सोबत दोन वर्षांच्या शिक्षेची कलमं असतील तर तीन वर्षं.

एफआयआर झाला असं धरून पुढे जाऊ. पोलीस घटनास्थळाचा पंचनामा करतात, काठी जप्त करतात, साक्षीदारांचे जबाब घेतात. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता कायद्यानेच करायचं आहे. अटकेबद्दल लोकांच्या मनात फार गैरसमज असतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची हे पोलिसांना लेखी कारणं देऊन दाखवावं लागतं, नाहीतर ३५(३) ची नोटीस द्यायची. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून हे पक्कं आहे. त्यामुळे समोरच्यांना अटक झाली नाही म्हणजे पोलिसांनी पैसे खाल्ले असं लगेच गावभर बोलू नका. जामिनाचं गणित मात्र विचित्र आहे. हाड मोडलं तर सात वर्षांचं ११७(२), पण जामीनपात्र. हत्याराने साधं खरचटलं तर तीन वर्षांचं ११८(१), आणि नव्या परिशिष्टात ते अजामीनपात्र केलंय, पूर्वी ३२४ मध्ये जामीन हक्काचा होता. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो एवढंच, आणि अशा केसमध्ये तो सहसा मिळतो. जामीनदाराचा सातबारा, आधार आणि फोटो तयार असले की काम त्याच दिवशी उरकतं.

याच सुमारास दोन्ही घरांना तहसीलदार कार्यालयातून नोटीस येईल, बहुधा कलम १२६ ची, जुनं १०७. गावाकडे तिला चॅप्टर केस म्हणतात. ती शिक्षेची केस नव्हे. पुन्हा भांडण होऊ नये म्हणून कार्यकारी दंडाधिकारी ठरावीक मुदतीचं बंधपत्र घेतात. लोक घाबरून जातात किंवा उलट दुर्लक्ष करतात. दोन्ही करू नका, हजर व्हा, म्हणणं द्या. बंधपत्र दिलंत तर ती मुदत संपेपर्यंत बांधावर पाऊल जपून टाका, कारण भंग झाला तर रक्कम तर जातेच, शिवाय पुढच्या केसमध्ये तो कागद तुमच्या विरोधात येतो.

आता दवाखान्याच्या दाखल्याकडे जवळून बघा, कारण पुढे सगळा खेळ त्याच्यावर आहे. त्यात जखमेचा प्रकार, जागा, लांबी-रुंदी-खोली, जखम किती तासांची, साधी की गंभीर, आणि कशाने झाली असावी असे रकाने असतात. काठीच्या माराने डोक्याची कातडी फुटते, कडा ठेचलेल्या राहतात. डॉक्टर त्याला सीएलडब्ल्यू लिहितात आणि शेवटच्या रकान्यात कठीण व बोथट वस्तू. कुऱ्हाडीच्या धारेने झालेली जखम कापीव असते, कडा साफ. आता फिर्याद देताना कुणीतरी शहाणा शेजारी सांगतो, ‘काठी कशाला, कुऱ्हाड लिही, कलम वाढेल.’ कुऱ्हाड लिहिली जाते. दाखल्यात सीएलडब्ल्यू येतं. मग पुरवणी जबाबात दुरुस्ती येते : कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे बोथट मागच्या बाजूने, मारलं. कधीकधी खरंच तुंब्याने मारलेलं असतं, पण ते पहिल्याच जबाबात हवं. पुरवणीत आलेला तुंबा आरोपीच्या वकिलाला आयता सापडतो.

उलटतपासात काय होतं ते सांगतो. डॉक्टरांना ठरलेला प्रश्न असतो : ‘अशी जखम माणूस कठीण व खडबडीत पृष्ठभागावर पडल्यानेही होऊ शकते?’ डॉक्टर खरं सांगतात, हो, होऊ शकते. त्याने घाबरायचं कारण नाही, तेवढ्यावर कुणी सुटत नाही. पण फिर्यादीला विचारलं जातं : ‘कुऱ्हाडीची धार लागली असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?’ हो म्हणाला तर दाखला खोटा ठरतो, नाही म्हणाला तर फिर्याद. त्यानंतरचा प्रश्न : ‘बांध कोरण्यावरून तुमचा दावा दिवाणी कोर्टात चालू आहे?’ आणि मग ‘त्या वादापोटी तुम्ही खोटी केस केली?’ शेवटच्या प्रश्नाला ‘हे म्हणणे खरे नाही’ असं उत्तर नोंदलं जातं, पण तोवर न्यायाधीशांच्या मनात शंका बसलेली असते, आणि फौजदारी केसमध्ये शंकेचा फायदा आरोपीला. खऱ्या काठीचा मार खाल्लेला माणूस न मारलेल्या कुऱ्हाडीपायी हरतो. हे मी बघत आलोय आणि दर वेळी जीव तुटतो, कारण त्याला खरोखर मार बसलेला असतो.

हेच नावांचं. मारणारे दोन, लिहिले सात : चुलता, चुलती, त्यांची तिन्ही मुलं, सून, मेहुणा. हेतू असा की सगळं घर तारखांना ताटकळावं. होतं उलटं. कुणी कुणाला काय मारलं हे सात जणांचं सांगताना साक्षीदार अडखळतात, एकजण कॉलेजात किंवा कामावर होता हे हजेरीपटावरून दिसतं, आणि एक नाव खोटं ठरलं की खऱ्या दोघांवरही पाणी पडतं. त्यात एखादं पोरगं भरतीचं असतं. तुमच्या भावावर जे आलंय ते तुम्ही त्यांच्या पोरावर आणू नका. एफआयआरमध्ये कोण, कशाने, शरीराच्या कुठल्या भागावर, किती वेळा, कुणी सोडवलं, एवढं आणि जसं घडलं तसं. आठवत नसेल ते लिहू नका.

भावाचं स्वतंत्र सांगतो. त्याच्यावर सध्या फक्त एनसी आहे, म्हणजे गुन्हा दाखल नाही, तपास नाही, खटला नाही. पण तुमचा एफआयआर झाला की चुलतेही बहुधा तेच करतील, त्यामुळे आजपासून तयारी ठेवा. तो त्या सकाळी भरतीच्या अकादमीत होता म्हणता. तिथल्या हजेरीची प्रत घ्या. सीसीटीव्ही असेल तर चित्रीकरण लगेच मागा, ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, आणि सोबत डिजिटल पुराव्यासाठी लागणारं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र घ्या. गुन्हा नोंदला गेला तर तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की घटनेच्या वेळचं मोबाईलचं लोकेशन आणि हे चित्रीकरण तपासात घ्यावं. तपासात हे आलं तर दोषारोपपत्रातून नाव गळू शकतं. नंतर खटल्यात ते शाबीत करायचं ओझं त्याच्यावर येतं. आणि भरतीच्या साक्षांकन नमुन्यात जे विचारलंय ते वाचून खरं लिहू दे. गुन्हा दाखल असेल तर तो लपवू नये. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचे निकष घालून दिलेत : किरकोळ केस उघड सांगितली असेल तर नियुक्ती करणारा अधिकारी तिचा विचार करू शकतो, दडवलेली सापडली तर दडवणंच अंगाशी येतं.

तपास संपला की दोषारोपपत्र येतं, किंवा समरी अहवाल. आपल्याकडे अ, ब आणि क अशी वर्गवारी आहे : अ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही वा पुरावा नाही, ब म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचं. समरी आली तर फिर्यादीला नोटीस येते, तेव्हा विरोध नोंदवता येतो. नोटीस पोस्टमनकडून परत पाठवू नका.

दोषारोपपत्र दाखल झालं की केसला नंबर पडतो, आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) किंवा एस.सी.सी. (समरी क्रिमिनल केस), आणि सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. ई-कोर्ट्स ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. आरोपींना समन्स जातं, ते हजर होतात, जामीन देतात, कागदपत्रांच्या नकला मिळतात. ११५(२) सारख्या समन्स केसमध्ये गुन्ह्याचा तपशील वाचून ‘गुन्हा कबूल आहे का’ विचारतात. ११८(१) आणि ११७(२) वॉरंट केस आहेत, त्यात रीतसर दोषारोप ठेवला जातो. त्याआधी, नकला मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत, आरोपी दोषमुक्तीचा अर्ज करू शकतो. तुमच्या भावाला हा टप्पा उपयोगी पडू शकतो, दोषारोपपत्रातल्या कागदातच त्याच्याविरुद्ध काही नसेल तर.

वकील लागतो का? पोलीस केस ही सरकारची असते, सहायक सरकारी वकील ती चालवतात, तुम्ही साक्षीदार. कोर्टाच्या परवानगीने तुमचा वकील त्यांना साहाय्य करू शकतो आणि लेखी युक्तिवाद देऊ शकतो, स्वतः उलटतपास घेऊ शकत नाही. पण क्रॉस केस, म्हणजे त्याच भांडणाची समोरच्यांनी केलेली उलटी केस, झाली तर तिथे तुम्ही आरोपी असाल, तेव्हा वकील लागेलच. परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, तिचं काम कोर्टाच्या आवारातूनच चालतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतली माणसं, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, आणि तो वकील कमी दर्जाचा असतो हा समज चुकीचा आहे.

क्रॉस केसबद्दल एक वाक्य मुद्दाम. एकाच भांडणाच्या दोन केस एकाच न्यायाधीशांपुढे, एकामागोमाग एक चालून निकाल एकत्र लागायला हवेत, हे १९९० च्या नथी लाल निकालापासून ठरलेलं आहे. दोन्ही वेगवेगळ्या बोर्डावर असतील तर आपल्या वकिलाला अर्ज द्यायला सांगा. आणि चुलत्यांनाही जखम झाली असेल तर ती कशी झाली ते तुमच्या फिर्यादीत यायला हवं. आरोपीच्या जखमेबद्दल फिर्यादी गप्प राहिला की कोर्ट विचारतं, हा माणूस अर्धीच हकीकत का सांगतोय?

पुराव्याच्या टप्प्यावर वेळ जातो. फिर्यादी, जखमी, सोडवणारे, पंच, डॉक्टर, तपास अंमलदार, या क्रमाने साक्षी होतात. पंच फितूर होतात हे नेहमीचंच, कारण त्यांनी ठाण्यात बसून सही केलेली असते. डॉक्टरांची बदली झालेली असते, पण आता व्हिडिओ कॉन्फरन्सवर साक्ष घेता येते, ती घ्यायला सरकारी वकिलांना आठवण करा. तुमचा महत्त्वाचा साक्षीदार ऊसतोडीला जाणारा असेल तर त्याची साक्ष दसऱ्याआधी किंवा उन्हाळ्यात पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, लागेल असं बघा. मधल्या सहा महिन्यांत समन्स ‘इसम मिळून आला नाही’ म्हणून परत येत राहतं आणि शेवटी त्याची साक्षच बंद होते. न्यायाधीशांची बदली मे-जूनमध्ये होते, नवे साहेब फाइल वाचेपर्यंत आणखी काही तारखा जातात. हे सगळं धरून दोन-तीन वर्षं मनाशी ठेवा. लवकर झालं तर चांगलंच.

साक्षीच्या दिवशी सकाळी सरकारी वकिलांना भेटावं. पिंजऱ्यात विचारलं तेवढंच सांगावं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, आणि वडिलांना सांगून ठेवा की उलटतपास घेणाऱ्या वकिलावर चिडायचं नाही. साक्षी संपल्या की आरोपीचा जबाब, जुन्या भाषेत ३१३ चा, मग युक्तिवाद आणि निकाल.

शिक्षेबद्दल खोटी आशा लावणार नाही. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार दंड देऊ शकतात, पण पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाला साध्या दुखापतीत बहुधा दंड होतो, किंवा १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतात. नव्या कायद्यातली समाजसेवेची शिक्षा मारहाणीच्या या कलमांना लागू नाही, व्हॉट्सॲपवर काहीही फिरतंय. भरपाई मात्र मागा. कलम ३९५ खाली दंडातून किंवा स्वतंत्रपणे जखमीला रक्कम देता येते, त्यासाठी औषधांची बिलं, गाडीभाडं, बुडालेली मजुरी यांचे कागद पुराव्यात आलेले हवेत. निकाल विरोधात गेला तर आरोपीला सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील आहे, आणि आरोपी सुटला तर पीडित म्हणून तुम्हालाही अपिलाचा हक्क आहे.

राहिलं मिटवायचं. माझं मत स्पष्ट आहे : भावकीतल्या अशा केसमध्ये तडजोड होत असेल तर करावी, पण एक्स-रे आणि खरा जबाब झाल्यावर. कागद नसताना केलेली तडजोड ज्याचा हात वर त्याच्या मर्जीची होते. कायद्याने बघाल तर ११५(२), ३५२ आणि ३५१(२) जखमी व्यक्ती स्वतः मिटवू शकते. ११७(२) कोर्टाच्या परवानगीने मिटतं. ११८(१) तडजोडपात्र नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी मिळून उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली केस रद्द करून घ्यावी लागते. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या लोकांना त्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाता येतं, मुंबई गाठायची गरज नाही. गावच्या तंटामुक्ती समितीत बसून मिटवलंत तर चांगलं, पण तिथला कागद कोर्टातली केस आपोआप बंद करत नाही. तडजोडीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी कोर्टात किंवा राष्ट्रीय लोक अदालतीत दाखल व्हायला हवी. तडजोड मंजूर झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो, भावाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. दोन्हीकडच्या केस एकाच दिवशी मिटवा. आपली मागे घेऊन त्यांची उभी राहिली असं होऊ देऊ नका.

आणि मिटवताना बांध सोडून मिटवू नका. फौजदारी कोर्ट तुमचा बांध कुठे आहे हे ठरवणार नाही, कुणालाही शिक्षा झाली तरी पुढच्या पेरणीला वाद तिथेच असेल. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, शक्य असेल तर दोघांच्या सहीने, म्हणजे नंतर कुणी मोजणी नाकारणार नाही. मोजणीदार खुणा दाखवेल त्या दिवशी दोन्ही घरांतले कर्ते हजर राहून जबाबावर सही करतील, आणि त्या खुणांवर दगड रोवायचा खर्च निम्मा-निम्मा, एवढं तडजोडीच्या कागदात लिहून घ्या. मोजणीचा नकाशा हातात आल्यावरच पुरसिस दाखल करा.